मोठे जवाई, बारीक अक्षरात

मु. पो. रोहणा, तालुका आर्वी
सोमवार, मांडवाचा आठवडा

श्रीमान पुंडलिकराव भाऊजी यांच्या सेवेशी, रोहण्याहून आपला धाकटा साळा रूपराव याचा, टोपी काढून आणि मान खाली घालून नमस्कार. आपण उभयता पुलगावी सुखरूप असाल अशी आशा बाळगतो. आम्ही येथे सुखरूप आहो, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. आपल्या गुडघ्याची कळ आता कशी आहे? आमच्या थोरल्या बहिणीचा, अन्नपूर्णाबाईचा, खोकला गेला काय? गाय व्याली असेल तर कालवड झाली की गोऱ्हा? तुमच्याकडच्या तुरीचे यंदा कसे काय? (हे सगळं मी फोनवर विचारलं असतं, पण आपला फोन बंद लागून राह्यला. बंद पडला असेल तर काही हरकत नाही. बंद ठेवला असेल तर कृपा करून हे पत्र शेवटपर्यंत वाचा.)

भाऊजी, इथून पुढं मी शुद्ध लिहिणं सोडतो. शुद्ध लिहिलं की माणूस घाबरला नाई असं वाटते, अन् मी तं लय घाबरून राह्यलो. तुमी परिवाराच्या ग्रुपमधून बाहेर पडले हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. ‘पुंडलिकराव यांनी ग्रुप सोडला’ अशी ओळ आली, ती मी घडीघडी उघडून पाहून राह्यलो. जेवण जात नाई. रुख्माबाई म्हणते, अवो, पोरीचं लग्न हाये, तुमचं तोंड असं काऊन? आता तिले काय सांगू, पोरीचं लग्न हाये म्हणूनच तं तोंड असं हाये!

झालं असं. काजलचं लग्न जमलं ते तुमच्या समोरच, बैठकीत तुमीच पुढं बसले होते. हिंगणघाटच्या व्याह्याइनं निरोप धाडला, की पत्रिका छापायचं काम नाई, आता इंटरनेटवर एक पान करतात अन् त्याची लिंक मोबाईलवर पाठवतात. ऐकूनच मले घोर लागला. तुमाले माहीत हाये, रोहण्यात कोनाच्याही घरी लग्न निघो, पत्रिकेचा मजकूर मीच लिहितो. छापखान्याच्या आधी लोक माह्या ओट्यावर येतात. कोनाचं नाव वर, कोनाचं खाली, मामा आधी की फुवा आधी, वारलेला आजा कुठं, वाटणीवरून भांडलेला काका कुठं, हे सगळं मले तोंडपाठ. माह्या मजकुरावरून आजपर्यंत कोनी ताटावरून उठलं नाई. गावात माही जी काही इज्जत हाये ती एवढीच हाये, भाऊजी. मले पहिल्यापासून वाटत होतं की ती पोरीच्या लग्नात जाईन. तशी ती गेली.

काजल पुण्याहून म्हणे, बाबा, तुमी टेन्शन घेऊ नका, तयार साचे भेटतात, मी एका घंट्यात करून देते. तिनं एक साचा दाखवलाही. त्यात नवरा, नवरी, दोघाइचा फोटो, लॉनचा नकाशा अन् खाली फुलं. मामा नाई, फुवा नाई, जवाई नाई, कुलदैवतसुद्धा नाई! म्हटलं, बाई, हे लग्न हाये की पळून जाणं? ती हासली. मी नाई हासलो. म्हटलं हे पान मीच करीन, पहिल्या अक्षरापासून, माणसाच्या मानानुसार. (हे बोललो तवा वाटलं होतं की पान करणं म्हणजे कागदासारखंच काहीतरी असेल.)

तं आर्वीले बसस्टँडच्या मागं अंजू मॅडमचा कॉम्प्युटरचा क्लास हाये, तिथं नाव टाकलं. मी आत शिरलो तवा बाकीची पोरं उठून उभी राह्यली, त्याइले वाटलं तपासणीवाले साहेब आले. मॅडमनं एचटीएमएल समजावून सांगतलं. तुमालेही सांगतो, नाईतर माहा गुन्हा तुमाले समजणार नाई. कॉम्प्युटरले आपला मजकूर वाचता येते, पण त्यातलं काय काय हाये ते समजत नाई. हे नाव हाये, हा मथळा हाये, हे साधं वाक्य हाये, असं त्याले एकेक सांगा लागते. त्यासाठी टोकदार कंसात एक-दोन अक्षराची खूण करायची, तिले टॅग म्हणतात. मंग आपला मजकूर. मंग तीच खूण पुन्हा, पण तिच्या पोटात एक तिरपी काडी टाकून. पहिल्या खुणेनं दार उघडते, दुसऱ्या खुणेनं लागते. लावायचं राह्यलं तं पुढचा मजकूरही त्याच खोलीत येऊन बसते. मॅडम म्हणे, काका, उघडलं ते लावायचं, एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं सोपं हाये.

आता मी मुळातच घोर करणारा माणूस. त्या दिवसापासून गोठ्याचं फाटक, लोणच्याची बरणी, देवघराची खिडकी, सगळं मी जाऊन जाऊन पाहून राह्यलो. एस्टीत पुढच्या माणसानं काच उघडली तं मी मागून हात घालून लावली. त्यानं उघडली, मी लावली. आर्वी येईपर्यंत आमचं हेच चाललं. उतरताना तो म्हणे, काका, तब्येत बरी नाई का? म्हटलं पोरीचं लग्न हाये. तो म्हणे, असं व्हय, मंग लावा.

पुढं याद्या शिकलो. काकाइची नावं यादीत टाकली तं कॉम्प्युटरनं आपल्याच मनानं त्याच्या पुढं आकडे घातले. म्हटलं मॅडम, हे आकडे आत्ताच्या आत्ता काढा, चौथ्या नंबरचा काका विळा घेऊन मांडवात येईन! तवा मॅडमनं दुसऱ्या तऱ्हेची यादी दाखवली, तिच्यात सगळ्याइच्या पुढं एकसारखा काळा ठिपका येते. ठिपका मले पसंत पडला. सगळ्याइले सारखा असला म्हणजे ठिपक्यावरून कोनी भांडत नाई. तेवढ्यापुरतं मले वाटलं, हे आपल्याले जमते बाप्पा.

आता मुख्य गोष्ट. (भाऊजी, उभे असाल तं खाटेवर बसून घ्या.) मथळे असतात सहा. एच-वन सगळ्यात मोठा, मंग टू, थ्री, असं उतरत उतरत एच-सिक्स सगळ्यात लहान. अन् जे मथळ्यात नाई ते सगळं ‘पी’, म्हणजे साधा परिच्छेद. हे ऐकलं अन् मले वाटलं, ज्यानं हे काढलं तो आपल्याच भागातला असला पायजे, त्यानं लग्नं पाह्यली हायेत. घरी येऊन मी मांडणी केली. एच-वन कुलदैवताले, त्यावर कोनी हरकत घेत नाई. एच-टू नवरदेव-नवरीले. एच-थ्री आमचे वारलेले आबा अन् माय, आशीर्वादासाठी. एच-फोर व्याही-विहीण. एच-फाइव्ह मामा, म्हणजे रुख्माबाईचे भाऊ लक्ष्मणराव. अन् एच-सिक्स मोठे जवाई, म्हणजे आपण. तुमी म्हणसान, सहावा नंबर? भाऊजी, सहावा म्हणू नका, मथळ्यात म्हणा! सख्खे काका मथळ्यात नाई, ते खाली ठिपक्यात. मी स्वतः मथळ्यात नाई. माह्या हिशोबानं तुमाले मी पाहुण्याइच्या पहिल्या पंगतीत बसवलं होतं, अन् अगदी शेवटी, साध्या परिच्छेदात, आमच्या गल्लीतलं पोरगं, ‘गाड्या लावण्याची व्यवस्था : नत्थू’.

पान तयार झालं. तुमी विचारसान, मंग पाह्यलं नाई का? पाह्यलं, डोळे फाडून पाह्यलं. पण मी पडलो मजकूर लिहिणारा माणूस. मी पाह्यलं की आडनावं बरोबर हायेत का, वारलेल्या माणसाच्या आधी कैलासवासी लागलं का, जिवंत माणसाच्या आधी लागलं तं नाई, अन् सगळी दारं लागली का. अक्षर केवढं दिसते हे मी पाह्यलंच नाई. छापखान्यात ते पाहायचं काम छापणाऱ्याचं असते. मॅडमनं पान इंटरनेटवर चढवलं, मी लिंक ग्रुपवर टाकली अन् घरी येऊन चहा मांगतला. रुख्माबाईनं तवर मोबाईल उघडला होता. म्हणे, अवो, पुंडलिकभाऊचं नाव असं मुंगीवानी काऊन? अन् हा नत्थू पहा, केवढा ढळढळीत दिसून राह्यला!

चहा तसाच ठेवून मी आर्वीची गाडी धरली. मॅडम म्हणे, हो काका, एच-फाइव्ह अन् एच-सिक्स साध्या परिच्छेदाहूनही बारीक दिसतात. म्हटलं, मॅडम, हे तुमी आधी काऊन नाई सांगतलं? म्हणे, काका, आजपर्यंत माह्या क्लासमधी कोनी एच-सिक्सपर्यंत गेलंच नाई, दोन-तीन मथळ्यात सगळ्याइचं भागते. भागत असेल त्याइचं! त्याइले जवाई नसतीन. अन् भाऊजी, मी तिथं खुर्चीवर बसलो होतो तवाच मोबाईल वाजला, अन् तुमी ग्रुप सोडल्याची ती ओळ आली.

मंग मी घाबरून जे करायचं नाई ते केलं. कुलदैवताची मनातल्या मनात माफी मांगतली अन् तुमाले थेट एच-वन देऊन टाकला. ज्या माणसानं एस्टीच्या काचा लावल्या त्याच्यानं नेमकं तुमच्या नावामागचं दार लावायचं राह्यलं. त्यामुळं तुमच्या खालचा सगळा साधा मजकूर तुमच्याच खोलीत शिरला अन् तुमच्याएवढा झाला. ठिपक्यातले काका मोठे, जेवणाची वेळ मोठी, अन् नत्थू कुलदैवताएवढा! नत्थूनं त्या पानाचा फोटो काढून आपल्या स्टेटसले ठेवला अन् अख्ख्या रोहण्याले दाखवत फिरला. मी दार लावलं तवा तो घरी येऊन विचारते, काका, माहं नाव लहान काऊन केलं, माह्या हातून काही चुकलं का?

तेवढ्यात हिंगणघाटहून व्याह्याचा फोन, की तुमचे जवाई नवरदेवाहून मोठे कसे काय? इकडं रुख्माबाई म्हणे, देवाच्या बरोबरीनं पुंडलिकभाऊ मले चालणार नाई, काही वाईट झालं म्हणजे? तं म्हटलं तुमाले एच-टू देऊ, पण ते नवरा-नवरीचं. एच-थ्री द्यावा तं वारलेल्या माणसाइच्या रांगेत जिता जवाई कसा बसवू? एच-फोरमधी व्याही बसले हायेत, त्याइच्या शेजारी तुमाले बसवलं की ते उठतीन. एच-फाइव्हही बारीकच. एवढे सहा मथळे, अन् माह्या एका जवायाले धड जागा नाई! शेवटी मी मॅडमले हात जोडले, म्हटलं जसं होतं तसं करून टाका. म्हणजे आज पत्र लिहितो तवाही तुमी पुन्हा एच-सिक्सच हाये, भाऊजी. हे तुमच्यापासून लपवत नाई.

त्यानंतर नत्थू दोऱ्या आणायले पुलगावले गेलता. म्हणे, बाजारात भाऊजी समोरून आले, मी राम राम घातला, त्याइनं माह्याकडं पाह्यलं अन् तसेच निघून गेले. तुमी नत्थूवर राग काढणारे नाई, पण त्या नावावर काढला असेल. मी स्वतः यायले निघालो, आर्वीच्या स्टँडवर पुलगावच्या गाडीत खिडकीपाशी बसलोही. पण कंडक्टरनं घंटी मारली अन् मी उतरलो. तुमच्या दारात उभं राहून काय बोलू? अक्षराच्या उंचीची माफी कशी मांगतात हे मले माहीत नाई. कागदावर लिहिलेलं बरं, म्हणून हे पत्र.

भाऊजी, मले एकच सांगायचं हाये. लग्न लॉनवर हाये, तिथं लोखंडी पाइप अन् चमकीचे पडदे लावणारे लोक येतीन, त्याची मले काळजी नाई. पण घरच्या अंगणात मांडवाची एक तरी लाकडी मेढ रोवा लागते, अन् आपल्या घरी ती मोठ्या जवायाच्या हातानंच रोवतात. माह्या लग्नाची मेढ तुमी रोवली. शुक्रवारी मांडव हाये. तुमी आले नाई तं अन्नपूर्णाबाई येणार नाई, अन् बाई आली नाई तं काजलले पहिली हळद कोण लावीन? पोरगी रोज फोनवर विचारते, फुवाजी अन् आत्याबाई कवा येतात? मी म्हणतो, येतीन. असं खोटं बोलून मी थकलो. राग मनात ठेवा, मले चार लोकाइसमोर बोला, पंगतीत ताट सरकवा, पण मेढ रोवायले येजा.

बाईले नमस्कार, गाईले चारा-पाणी.

आपला,
तुमी म्हणसान त्या साइजचा,
रूपराव

ता. क. : लक्ष्मणरावाइले एच-फाइव्हची गोष्ट अजून कळली नाई. कृपा करून तुमच्याकडून कळू नये.

दुसरा ता. क., मंगळवार. हा अन्नपूर्णाबाईसाठी हाये. बाई, भाऊजी म्हणे की घरी आलेलं पत्र आता तूच वाचून दाखवते, म्हणून तुलेच लिहितो. इथून पुढचं मोठ्यानं वाचू नको.

आज सकाळी मी पाकिटाले डिंक लावत होतो तं अंगणात आवाज आला. पाहतो तं भाऊजी! खांद्यावर खड्डा खणायची सब्बल, घामानं निथळून राह्यले. माह्या हातातली डिंकाची बाटली पडली. म्हटलं झालं, आता होते तमाशा. ते म्हणे, “रूपराव, जागा दाखव बा, खड्डा आजच करून ठेवतो. ऐन मांडवाच्या दिवशी चार लोकाइसमोर चाचपडत बसलो तं बरं नाई दिसत.” म्हटलं चाचपडत काऊन? तवा समजलं. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू! नत्थूले राम राम केला नाई, कारण समोर कोण हाये तेच दिसलं नाई. ग्रुपही मुद्दाम सोडला नाई. माहं पान उघडायले गेले, बोट भलतीकडं पडलं, मंग सगळंच दाबत बसले तं फोन कायमचा गेला. अन् बाई, तू मले एका शब्दानं सांगतलं नाई! त्याइनंच सांगू दिलं नाई म्हणतात.

मी जागा दाखवली, ते खणू लागले. म्हटलं, भाऊजी, ऑपरेशन काऊन नाई करून घेतलं? म्हणे, “डॉक्टर म्हणते, ऑपरेशन झाल्यावर वजन उचलायचं नाई, सब्बल तं हातातही घ्यायची नाई. मंग काजलची मेढ कोण रोवीन? लग्नानंतरची तारीख घेतली मी.”

बाई, मले लय लाज वाटली, अन् रडूही आलं. मी इतके दिवस त्याइच्या नावाचं अक्षर केवढं दिसते ते मोजत बसलो, अन् हा माणूस माह्या पोरीच्या मांडवासाठी आंधळ्यासारखा एस्टीतून उतरून चालत आला. मी पाय धरायले वाकलो. ते म्हणे, “अबे, खड्ड्यात पडशीन.” मंग विचारते, “तुह्या त्या पानावर माहं नाव हाये ना?” म्हटलं हाये. म्हणे, “मंग वाचून दाखवा ना कोनी.” रुख्माबाईनं मोबाईल घेतला अन् कुलदैवतापासून नत्थूपर्यंत सगळं पान वाचलं, सगळी नावं एकाच आवाजात. आपलं नाव आलं तवा त्याइनं सब्बल थांबवली. म्हणे, “आणखीन एकदा.” तिनं आणखीन एकदा वाचलं. मंग ते पुन्हा खड्डा खणू लागले.

आता हे पत्र मी फाडूनच टाकलं असतं. पण पाकीट खाटेवर होतं, ते त्याइच्या हाताले लागलं, अन् रुख्माबाई बोलून गेली की तुमालेच लिहून राह्यले होते. त्याइले एवढा आनंद झाला, बाई! म्हणे, मले डाकेनं पत्र येऊन किती वर्षं झाली, हातात देऊ नको, पोस्टमनले दारात हाक मारू दे, साऱ्या गल्लीले दिसू दे. हातात तोलून म्हणे, जाड हाये, शाबास. आता एक कागदही कमी करायची सोय नाई. तवा वाचून दाखवताना तू गुडघा, खोकला, गाय, तूर एवढं सावकाश वाच, शेवटचं मेढीचं वाच, अन् मधात आपल्या मनानं लग्नाच्या तयारीचं काहीही सांग. तुले ते जमते.

तिसरा ता. क. : खरं काम राहूनच गेलं होतं. अंजू मॅडम म्हणते, अक्षर लहान-मोठं करायची विद्या एचटीएमएलमधी नसतेच, ती वेगळी असते, अन् तिचा क्लास लग्नानंतर सुरू होते. डोळे नीट झाल्यावर भाऊजीइले सगळं दिसीन, बारीकातलं बारीकही, अन् पहिले ते नवा मोबाईल मांगतीन. तवा बाई, ऑपरेशन कोनत्या तारखेले हाये ते मले लवकर कळव, अन् डॉक्टर म्हणत असतीन तं दहा-पंधरा दिवस आणखी पुढं ढकलून घे.